अपघात विभाग रिपोर्टची वाट पाहत नाही : साथीच्या काळात परिचारिका संसर्ग कसा अडवतात, आणि तो कुठं निसटतो

जालना : एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात रात्रपाळीला एखाद्या कामगाराच्या पायावर तापलेलं लोखंड पडतं. सोबतचे चार जण त्याला उचलतात, मिळेल त्या गाडीत घालतात आणि दवाखान्याच्या अपघात विभागात आणून टाकतात. तिथं त्याच्या अंगाला पहिला हात लागतो तो बहुतेक वेळा परिचारिकेचा. डॉक्टर येईपर्यंत कपडे कापायचे, जखमेवर स्वच्छ पाणी सोडायचं, नाडी-बीपी बघायचं, सलाईनसाठी शीर शोधायची. हे सगळं पहिल्या पाच-दहा मिनिटांत.

साथीच्या काळात याच पाच-दहा मिनिटांत खरा धोका असतो. वॉर्डात दाखल झालेल्या पेशंटचा रिपोर्ट आलेला असतो, तो कोणत्या खोलीत ठेवायचा हे ठरलेलं असतं. अपघात विभागात आलेल्या माणसाबद्दल कोणालाच काही माहीत नसतं. तो भाजलाय हे दिसतं, पण त्याला तीन दिवसांपासून ताप आहे हे दिसत नाही. अँटिजेन चाचणीला पंधरा ते तीस मिनिटं लागतात. आरटीपीसीआरला तर २०२० च्या सुरुवातीला दिवस-दिवस लागायचे, कारण नमुने जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत. भाजलेला माणूस तेवढा वेळ थांबू शकत नाही, त्यामुळं परिचारिकेलाही थांबता येत नाही.

म्हणून जगभरच्या अपघात विभागांत एक साधा नियम शिकवतात : समोर येणारा प्रत्येक माणूस संसर्ग घेऊन आलाय असं धरून चालायचं. याला ‘प्रमाणित खबरदारी’ म्हणतात. यात कोणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. सरपंच असो, कारखान्याचा मालक असो की बिहारहून आलेला हेल्पर, हातमोजे सगळ्यांसाठी घालायचे. हा नियम कोरोनाच्या कितीतरी आधीचा आहे. एचआयव्ही आणि कावीळ ब यांच्या भीतीतून तो पक्का झाला. कोरोनानं त्यात श्वासाचा धोका जोडला.

साथ आली म्हणून अपघात थांबत नाहीत

जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० ला कोरोना ही जागतिक साथ असल्याचं जाहीर केलं. दोनच दिवस आधी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले होते. २५ मार्चपासून देश बंद झाला. तेव्हा राज्याचे आरोग्यमंत्री आपल्याच जिल्ह्यातले, घनसावंगीचे आमदार राजेश टोपे होते, त्यामुळं रोजची आकडेवारी जालनेकरांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकली.

पण साथीचे आकडे मोजताना बाकीची दुखणी रजेवर जात नाहीत. सापाचा दंश होतो, बाळंतपण अडतं, कीटकनाशक पोटात जातं, मोटारसायकली धडकतात. जालना एमआयडीसीला तर ८ मे २०२० ची पहाट विसरता येणार नाही. इथल्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे कामगार रुळावरून पायी भुसावळकडं निघाले होते, तिथून गावाकडची रेल्वे मिळेल या आशेनं. बदनापूर-करमाड दरम्यान थकून रुळावरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. अशा वेळी धावून जाणारे पोलीस, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, दवाखान्यातल्या परिचारिका, शवागारातले कामगार यांच्यातलं कोणीही ‘आधी चाचणी करा’ म्हणत थांबू शकत नव्हतं.

भट्ट्यांचंही तसंच. ऑगस्ट २०२४ मध्ये एमआयडीसीतल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन अनेक कामगार भाजले. तेव्हा साथ नव्हती. असती, तर एकाच वेळी इतके भाजलेले पेशंट, त्यांच्यासोबत आलेली गर्दी आणि मोजक्याच सिस्टर असं ते चित्र झालं असतं. संसर्ग नियंत्रणाचे नियम नेमके अशाच वेळी तुटतात. जालन्यासारख्या गावात हा प्रश्न पुस्तकी नाही तो यामुळं.

हात : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं सहकाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. पावणेदोनशे वर्षं झाली, तरी हात धुणं हाच आजही सगळ्यात जास्त चुकणारा नियम आहे. कारण तो कठीण आहे असं नाही. तो दिवसातून शंभर वेळा करावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच वेळा ठरवून दिल्यात. पेशंटला हात लावण्याआधी. सुई, कॅथेटर, ड्रेसिंग अशा स्वच्छ कामाआधी. रक्त, लघवी, उलटी यांच्याशी संबंध आल्यावर. पेशंटला हात लावून झाल्यावर. आणि पाचवी, जी सगळे विसरतात : पेशंटला हात न लावता फक्त त्याच्या खाटेला, सलाईन स्टँडला, चादरीला हात लागला तरी. अल्कोहोलचं द्रावण २० ते ३० सेकंद चोळायचं, साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद.

आता हिशेब करा. एका सिस्टरकडं एका तासात सहा पेशंट आले आणि प्रत्येकाला चार-पाच वेळा हात लागला, तर फक्त हात स्वच्छ करण्यातच दहा ते पंधरा मिनिटं जातात. बाहेर नातेवाईक ओरडत असतात, ‘सिस्टर, आधी आमचा पेशंट बघा’. नियम माहीत नाही असं फार कमी परिचारिकांच्या बाबतीत होतं. माहीत असूनही तो पाळायला वेळ आणि जागा नसते, ही खरी गोष्ट आहे. बेसिन खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर कितीही प्रशिक्षण द्या, हात धुतले जाणार नाहीत. द्रावणाची बाटली खाटेच्या पायाशी लटकवली की हात आपोआप तिकडं जातो.

एमआयडीसीच्या पेशंटबाबत एक वेगळी अडचण आहे. कामगाराच्या अंगावर ग्रीस, तेल, काजळी असते, ती सिस्टरच्या हाताला लागते. अल्कोहोलचं द्रावण मळलेल्या किंवा रक्तानं भरलेल्या हातावर नीट काम करत नाही. तिथं साबण आणि नळच लागतो. राज्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरींनी २०२० मध्ये सॅनिटायझरचा तुटवडा भरून काढला हे चांगलंच झालं, पण त्यातून ‘सॅनिटायझर लावलं म्हणजे झालं’ असा समजही पसरला.

हातमोज्यांचंही तेच. मोजे घातले की माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत. ते मोजे घालून पेशंट तपासला, त्याच हातानं पेन धरला, रजिस्टर उघडलं, मोबाईल कानाला लावला, दुसऱ्या पेशंटची पट्टी बांधली. मोज्यानं सिस्टरचा हात वाचला, पण संसर्ग खोलीभर फिरला. शेतकऱ्यांना हे लगेच समजेल. फवारणी करताना हातमोजे घालायचे आणि त्याच हातानं तंबाखूची डबी उघडायची, यात आणि त्यात काही फरक नाही.

किट चढवणं सोपं, उतरवणं धोक्याचं

पीपीई किट म्हणजे अंगभर झगा, टोपी, चष्मा किंवा चेहऱ्यावरची पारदर्शक ढाल, एन-९५ मास्क, हातमोजे, पायातली आवरणं. २०२० च्या सुरुवातीला देशात हे किट इतकं कमी होतं की काही ठिकाणी दवाखान्यांतल्या लोकांनी रेनकोट घालून काम केलं. मे महिन्यापर्यंत देशात रोज लाखांवर किट शिवून निघू लागले.

किट मिळालं म्हणजे प्रश्न मिटला असं बाहेरच्यांना वाटलं. परिचारिकांना विचारलं तर त्या सांगतील की खरी परीक्षा ते काढताना असते. सहा-आठ तासांत किटच्या बाहेरच्या बाजूवर जे काही उडालेलं असतं, ते काढताना आपल्याच गळ्याला, डोळ्याला लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पाळी संपलेली, अंग घामानं निथळतंय, घशाला कोरड, कधी एकदा हे ओरबाडून टाकतो असं झालेलं, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात सावकाश वागायचं असतं.

किटच्या प्रकाराप्रमाणे क्रम थोडा बदलतो, पण तत्त्व एकच : सगळ्यात मळलेलं आधी, तोंडावरचं शेवटी. वरचे मोजे आणि पायातली आवरणं, मग झगा आतली बाजू बाहेर येईल अशी गुंडाळी करत, मग चष्मा मागच्या पट्ट्याला धरून, आणि मास्क खोलीबाहेर आल्यावर, पुढून हात न लावता. प्रत्येक पायरीनंतर हात स्वच्छ. यासाठी आरसा हवा, भिंतीवर चित्रांचा तक्ता हवा आणि शक्यतो दुसरं माणूस समोर उभं हवं, जे म्हणेल, ‘ताई, थांब, आधी हात’. एकटीनं रात्री अडीच वाजता किट काढणाऱ्या सिस्टरला हे सांगणारं कोणी नसतं.

मराठवाड्याच्या मे महिन्यात हे किट घालणं म्हणजे काय, ते इथं वेगळं सांगायला नको. बाहेर बेचाळीस डिग्री, एसी बंद, कारण तीच हवा खोलीत फिरत राहू नये. पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही, कारण एकदा काढलं की किट वाया. पाळी सुरू असलेल्या परिचारिकांचे हाल तर कोणी लिहूनही ठेवले नाहीत. घामानं ओला झालेला मास्क चेहऱ्यावर सैल पडतो, चष्म्यावर वाफ धरते, शीर दिसत नाही, सुई टोचण्याचा धोका वाढतो. थकवा हा संसर्गाचा रस्ता आहे असं म्हटलं तर चूक नाही.

मास्कचं गणित

एन-९५ मधला ९५ हा आकडा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण तो गाळतो. पण हे फक्त तो चेहऱ्याला घट्ट बसला तर. नाकावरची पट्टी दाबायची, दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा, बाजूनं हवा निसटत असेल तर तो मास्क त्या वेळी साध्या कापडासारखाच. ब्रदर मंडळींनी दाढी ठेवली असेल तर मास्क बसत नाही. पुढं झडप असलेला मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा श्वास न गाळता बाहेर सोडतो, म्हणून दवाखान्यात तो चालत नाही.

तुटवड्याच्या दिवसांत एकेकाला पाच मास्क आणि पाच कागदी पिशव्या अशी पद्धत वापरली गेली. आज वापरलेला मास्क कागदी पिशवीत वाळत ठेवायचा आणि चार-पाच दिवसांनी परत घालायचा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहते म्हणून कागदी. ही तडजोडच होती, पण विचार करून केलेली.

श्वासाचा धोका सगळ्या कामांत सारखा नसतो. घशात नळी घालणं, नळीतून स्राव ओढून काढणं, छाती दाबून हृदय चालू करणं, दम्याच्या पेशंटला वाफारा देणारं नेब्युलायझर लावणं, यात बारीक कण हवेत पसरतात. म्हणून साथीत नेब्युलायझरऐवजी शक्य तिथं पंप आणि स्पेसर वापरायला सांगितलं गेलं. छाती दाबण्याची वेळ आली तर किट घालण्याचे एक-दोन मिनिटं आणि पेशंटचा जीव यांच्यात ओढाताण होते. नियम सांगतो, आधी स्वतःला झाका. समोर निळा पडत चाललेला माणूस असताना ती दोन मिनिटं काय असतात, हे नियम लिहिणाऱ्याला सांगता येणार नाही.

सुरुवातीचे कित्येक महिने सगळा भर हात धुण्यावर आणि फरशा पुसण्यावर होता. हवेतून पसरण्याचं महत्त्व उशिरा मान्य झालं. जुन्या बांधणीच्या दवाखान्यांत समोरासमोर मोठ्या खिडक्या असतात, त्या उघडल्या तरी पुष्कळ काम होतं. नव्या, काचबंद, एसी बसवलेल्या खोल्यांत तेच काम महागड्या यंत्रणेला करावं लागतं.

दारातच वाटणी

जालना, देऊळगाव राजा पट्ट्यात बियाण्यांचे प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्याला विलगीकरण अंतर शिकवावं लागत नाही. शेजारच्या वाणाचे परागकण आले की प्लॉट नापास होतो, म्हणून दोन प्लॉटमध्ये अंतर ठेवतात. अपघात विभागाच्या दारातली वाटणी तीच. पेशंट आत येण्याआधीच विचारायचं : ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का, घरात कोणी आजारी आहे का. ‘हो’ म्हणणाऱ्याला लगेच मास्क द्यायचा आणि वेगळ्या बाजूला न्यायचं. त्याचं स्ट्रेचर वेगळं, बीपीचा पट्टा वेगळा, ऑक्सिमीटर वेगळा, सिस्टरही शक्यतो वेगळी.

मुंबई सेंट्रल भागातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात एप्रिल २०२० मध्ये २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले आणि ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करावं लागलं. एवढ्या साधनसंपन्न ठिकाणी हे झालं. दोन खोल्यांच्या अपघात विभागात वाटणी चुकली तर काय होईल याचा अंदाज त्यावरून यावा. सिस्टर बाधित झाल्या की फक्त त्या आजारी पडत नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या बाकीच्यांनाही घरी बसावं लागतं आणि विभागच बंद पडतो.

आणि इथंच पेशंटचं खोटं बोलणं महागात जातं. एमआयडीसीतला रोजंदारीचा कामगार ताप का लपवतो? चौदा दिवस विलगीकरणात गेला तर चौदा दिवसांची मजुरी गेली, खोलीवरचे बाकीचे सात-आठ जणही अडकले आणि ठेकेदार दुसरा माणूस घेणार. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण त्याच्या मजुरीची हमी नसल्याची किंमत दारातल्या सिस्टरला मोजावी लागते.

फरशी, सुई, कचरा

सांडलेलं रक्त पुसायची पद्धत बहुतेकांना उलटी वाटते. आधी पुसायचं नाही. वर कापड किंवा कागद टाकायचा, त्यावर एक टक्का हायपोक्लोराइट ओतायचं, किमान दहा मिनिटं थांबायचं, मग मोजे घालून उचलायचं. तीस टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरभर पाण्यात साधारण ३३ ग्रॅम. पाच टक्क्यांचं तयार द्रावण असेल तर एक भाग द्रावण, चार भाग पाणी. रोज ताजं करायचं, कारण क्लोरीन उडून जातो आणि कालच्या बादलीत नुसतं वासाचं पाणी उरतं. संडासच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. लोखंड, मोबाईल, यंत्रं यांच्यासाठी सत्तर टक्के अल्कोहोल.

गावोगावी, बाजार समित्यांच्या दारात माणसांवर औषध फवारणारे बोगदे उभे राहिले होते ते आठवत असतील. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं की माणसांवर असं फवारू नका, उपयोग नाही आणि डोळ्यांना-कातडीला इजा होते. त्या बोगद्यांच्या पैशात किती हातमोजे आले असते, हा हिशेब कोणी केला नाही.

सुईचं झाकण परत लावायचं नाही, थेट पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. टोचलीच तर दाबून रक्त काढत बसायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमानुसार ठरलेत : मास्क, टोपी, रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत, मोजे, चष्मे, सलाईनच्या नळ्या लाल, काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. कोरोनात पिशव्या दुहेरी करून त्यावर चिठ्ठी लावायची सक्ती होती. हे सगळं शेवटी ज्या मावशी आणि सफाई कामगार उचलतात, त्यांना किट मिळालं का, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी विचारला गेला.

जीव देणाऱ्यांची यादी जुनी आहे

पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंतच्या दवाखान्यात गेल्या. मुलगा वाचला, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. मे २०१८ मध्ये केरळात पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातल्या परिचारिका लिनी पुथुसेरी निपाहच्या रुग्णाची सेवा करताना गेल्या. त्या रुग्णाला काय झालंय हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे पुन्हा तेच : रिपोर्टच्या आधीची सेवा.

मार्च २०२० मध्ये केंद्रानं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, एप्रिलमध्ये त्यांच्यावर हल्ला करणाऱ्यांसाठी कायदा कडक केला. २ जानेवारी २०२१ ला लसीकरणाची रंगीत तालीम राज्यात ज्या चार जिल्ह्यांत झाली त्यात जालना होतं आणि १६ जानेवारीपासून पहिली लस आरोग्य कर्मचाऱ्यांनाच दिली गेली. टाळ्या-थाळ्यांपेक्षा या गोष्टी जास्त कामाच्या होत्या. पुढं साथ ओसरल्यावर कंत्राटावर घेतलेल्या अनेक परिचारिकांना कमी केलं गेलं. किट चढवण्या-उतरवण्याचा जो सराव दीड-दोन वर्षांत हाताला बसला होता, तोही त्यांच्यासोबत गेला.

साथ नसताना हे नियम कशाला, असं विचारणाऱ्यांनी क्षयरोगाकडं बघावं. दोन आठवड्यांचा खोकला घेऊन अपघात विभागाच्या बाकावर बसलेला माणूस आजही रोज येतो.

कारखान्याचे सुपरवायझर आणि नातेवाईक यांच्या हातात काही गोष्टी आहेत. पेशंटसोबत एकच माणूस आत पाठवा, बाकीचे बाहेर थांबा. ताप, खोकला, क्षयाचं औषध चालू असेल तर दारातच सांगा, कोणी विचारायची वाट पाहू नका. पेशंटला ॲसिड, पावडर किंवा कुठलं रसायन लागलं असेल तर त्याचं नाव किंवा डब्याचा फोटो सोबत न्या. मास्क मागितला तर वाद घालू नका. आणि सिस्टर हातावर द्रावण चोळत तीस सेकंद उभी दिसली, तर ती वेळ काढतेय असं समजून ओरडू नका, कारण तिनं आत्ताच ज्याला हात लावला तो कोण होता हे तुम्हाला माहीत नाही आणि तिलाही नाही.